काल तुटला नाही, म्हणून आज?

आमच्या प्रयोगशाळेत पोलादाचे एक मोठे निर्वात पात्र आहे. नुसत्या झाकणाचेच वजन आठशे किलोच्या आसपास भरते. आतली उपकरणे बदलायची असली की हे झाकण उचलावे लागते. त्यासाठी वरच्या तुळईला एक टनाचा चेनपुली ब्लॉक टांगलेला आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. झाकण उचलायची सगळी तयारी झाली होती. आमच्याकडचे जुने खलाशी काका (अवजड वजने हलवणाऱ्या कामगारांना आपल्याकडच्या कारखान्यांतही खलाशीच म्हणतात) हुकावर हात फिरवून थांबले आणि म्हणाले, "साहेब, हा हूक आज नाही चालायचा."

आम्ही घाईत होतो. म्हणालो, "काका, गेल्याच आठवड्यात याच हुकाने हेच झाकण उचललं की तुम्ही!"

"उचललं ना. पण त्यानंतर कुणीतरी याच्या टोकाला काहीतरी अडकवून ओढलंय. मापून बघा."

हुकाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना कारखान्यातूनच टोच्याने मारलेल्या दोन बारीक खुणा असतात. नव्या हुकावर त्यांच्यातले अंतर ६० मिलिमीटर होते, तशी नोंद होती. आम्ही व्हर्नियर लावला. अंतर ६४ भरले. चार मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही कमी. तरीही त्या दिवशी झाकण उचलले गेले नाही. नवा हूक बसवल्यावरच काम झाले.

नंतर आम्हाला वाईट वाटले ते वेगळ्याच कारणाने. 'काल उचलले, म्हणून आजही उचलेल' हे अनुमान आम्ही, पदार्थविज्ञान शिकलेल्यांनी, किती सहज केले होते! साखळ्या, दोर आणि हूक यांच्या बाबतीत हे अनुमान का चुकते आणि ते चुकते हे ठाऊक असलेले लोक काय काय तपासतात, ते या लेखात पाहू.

साखळी सांगून तुटत नाही

जर्मनीतील हार्ट्‌झ पर्वतात क्लाउस्थाल नावाचे खाणींचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेथे खोल विवरांतून खनिज वर काढण्यासाठी लोखंडी साखळ्या वापरत असत. या साखळ्या अधूनमधून तुटत. विशेष म्हणजे नेहमीच्याच भाराखाली, कोणतीही पूर्वसूचना न देता तुटत. विल्हेल्म आल्बेर्ट या खाण अधिकाऱ्याने याचा छडा लावायचे ठरवले. त्याने साखळीवर पुनःपुन्हा भार देणारे आणि काढून घेणारे एक यंत्रच बनवले. एकदा टाकलेला भार जी साखळी सहज पेलते, तीच साखळी तोच भार हजारो वेळा दिल्यावर तुटते, असे त्याला आढळले. हे निष्कर्ष १८३७ साली प्रसिद्ध झाले. धातूच्या थकव्यावरील हे सर्वांत जुने ज्ञात प्रयोग मानले जातात. पुढे १८५० ते १८७० या काळात आउगुस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर पद्धतशीर प्रयोग करून या विषयाचा पाया घातला.

थकवा म्हणजे काय? धातूच्या पृष्ठभागावर कोठेतरी बारीकशी खाच असते, गंजाचा खळगा असतो किंवा आतमध्ये एखादा अशुद्ध कण असतो. भार येतो तेव्हा या जागी ताण एकवटतो. तेथे एक अतिसूक्ष्म तडा जन्म घेतो. प्रत्येक उचलीबरोबर तो किंचित पुढे सरकतो. बाहेरून वस्तू जशीच्या तशी दिसते. एक दिवस उरलेला सलग भाग भार पेलण्यास अपुरा पडतो आणि वस्तू एका क्षणात तुटते. म्हणजे कालची यशस्वी उचल ही आजच्या उचलीची हमी नसते. उलट तिने आजची उचल थोडी अधिक धोक्याची केलेली असू शकते. काकांची हरकत हीच होती, फक्त ती त्यांच्या भाषेत होती.

हा प्रयोग वर्गात करता येतो. प्रत्येक विद्यार्थ्याला एकाच डबीतली एकेक कागदाची टाचणी (पेपर क्लिप) द्या. ती सरळ करून नव्वद अंशांतून मागेपुढे वाकवायला सांगा आणि किती वेळा वाकवल्यावर तुटली ते फळ्यावर लिहा. दोन गोष्टी लक्षात येतील. पहिली म्हणजे आकडे सारखे येत नाहीत. एकाच डबीतल्या टाचण्या, तरी कुणाची लवकर तुटते, कुणाची बरीच टिकते. म्हणून 'इतक्या वेळा वापरल्यावर नक्की तुटेल' असे कुणालाही सांगता येत नाही. दुसरी म्हणजे कमी कोनातून वाकवल्यास टाचणी कितीतरी अधिक वेळ टिकते. टाचणी आपण फारच जोराने वाकवतो, त्यामुळे ती थोड्या फेऱ्यांत तुटते. साखळीत हेच सावकाश, हजारो फेऱ्यांनी घडते.

वायर रोप : तुटण्याआधी बोलणारा दोर

आल्बेर्ट साखळीचे दुखणे शोधून थांबला नाही. साखळीत एक कडी तुटली की सारेच संपते. तेव्हा त्याने विचार उलटा केला. भार एकाच जाड वस्तूवर न ठेवता पुष्कळ बारीक तारांत वाटून दिला तर? चार-चार लोखंडी तारांचे तीन पेड एकत्र पिळून त्याने दोर बनवला आणि जुलै १८३४ मध्ये क्लाउस्थालच्या खाणीत तो वापरात आला. आजच्या वायर रोपचा हा पूर्वज.

आज क्रेनवर दिसणाऱ्या दोरात बहुधा सहा पेड असतात. प्रत्येक पेडात १९ किंवा ३६ अशा तारा असतात आणि मधोमध धाग्यांचा किंवा पोलादाचा गाभा असतो. इतक्या बारीक तारा कशाला? दोर कप्पीवरून वळतो तेव्हा काय होते, याचा ढोबळ हिशेब करू. १६ मिलिमीटर जाडीची सलग सळई ४०० मिलिमीटर व्यासाच्या कप्पीवर वाकवली तर तिची बाहेरची बाजू सुमारे १६ भागिले ४००, म्हणजे ४ टक्के ताणली जाईल. ती कायमचीच वाकेल. तेथे १ मिलिमीटरची तार असेल तर हा ताण १ भागिले ४००, म्हणजे पाव टक्काच होतो. अशी तार पुन्हा सरळ होऊ शकते. कप्पी जितकी लहान, तितका प्रत्येक वळणावर तारांना होणारा त्रास जास्त. म्हणूनच दोर बदलताना 'हाती आली ती' कप्पी बसवून चालत नाही.

पण आमच्या दृष्टीने या दोराचा खरा गुण निराळाच आहे. येथे एक तार थकून तुटली तरी बाकीच्या तारा तिचा भार वाटून घेतात. तुटलेल्या तारेचे टोक बाहेर येते आणि ते दिसते. म्हणजे दोर मरण्यापूर्वी बऱ्याच आधीपासून बोलू लागतो. मात्र ऐकणारे कुणी हवे. स्लिंगसाठी, म्हणजे ओझ्याभोवती गुंडाळून हुकाला अडकवायच्या दोरासाठी, पुष्कळ ठिकाणी पाळला जाणारा नियम असा आहे : पिळाच्या एका पूर्ण फेरीएवढ्या लांबीत मिळून दहा तारा किंवा एकाच पेडातील पाच तारा तुटलेल्या आढळल्या तर तो दोर बाद. ही फेरी दोराच्या व्यासाच्या साधारण सहापट असते. १६ मिलिमीटरच्या दोराला ती सुमारे १० सेंटिमीटर येते.

तपासताना जाड कातडी हातमोजे घालून दोरावर फडके धरून हळूहळू ओढतात. तुटलेल्या तारेत फडके अडकते. उघडा हात कधीही फिरवू नये. मग जाडी मोजतात. यातही एक खुबी आहे. व्हर्नियरचे जबडे समोरासमोरच्या दोन पेडांच्या उंचवट्यांवर टेकवायचे, दोन पेडांमधल्या खोलगट भागावर नव्हे. जाडी एखाद्या ठिकाणी एकाएकी कमी भरली तर आतला गाभा कुजला किंवा चुरडला असण्याची शक्यता असते. दोराला पडलेली गाठीसारखी मुरड, पेड सुटून झालेला पिंजऱ्यासारखा फुगवटा, उष्णतेने पडलेला निळा-काळा रंग आणि तारांवरचे गंजाचे खळगे, यांपैकी काहीही दिसले तर तारा मोजत बसायचे कारण नाही. मुरड हातोडीने सरळ केली तरी आतल्या तारांची इजा तशीच राहते.

साखळी, हूक आणि ब्लॉक

साखळ्या अजूनही वापरात आहेत, कारण उष्णता आणि खरखरीत कडा त्यांना दोरापेक्षा अधिक मानवतात. आजच्या मिश्रधातूच्या साखळ्या आल्बेर्टच्या काळातल्या साखळ्यांपेक्षा फार बळकट आहेत, पण त्या बोलत नाहीत हा दोष कायम आहे. म्हणून त्यांची तपासणी कडी न् कडी पाहून करावी लागते. एक कडी दुसरीला जेथे घासते ती आतली जागा साखळी ताणलेली असताना दिसत नाही. त्यासाठी साखळी सैल सोडून प्रत्येक कडी फिरवून पाहतात. झिजून जाडी मूळ जाडीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक घटली तर साखळी बाद करतात. ठरावीक कड्यांची लांबी मोजून ती नव्या साखळीच्या नोंदीशी ताडतात. लांबी वाढली असेल तर केव्हातरी जादा भार पडून कड्या कायमच्या ताणल्या गेल्या असे समजावे. एखादी कडी शेजारच्या कडीत मोकळेपणी हलत नसेल तर तेही त्याचेच लक्षण आहे.

साखळीच्या बाबतीत काही मोह टाळावे लागतात. तुटलेली कडी वेल्डिंगने जोडणे हा त्यातला पहिला. या पोलादाचे बळ त्याला दिलेल्या उष्णतासंस्कारात असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तो संस्कारच पुसला जातो. दोन कड्या नट-बोल्टने जोडणे हा दुसरा. तिसरा मोह स्वच्छतेचा. गंज काढण्यासाठी साखळी आम्लात बुडवली तर अभिक्रियेत निघणारा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि उच्च बलाचे पोलाद ठिसूळ होते. साखळी चकचकीत होते आणि धोकादायकही होते.

हूक मात्र मुद्दाम चिवट पोलादाचा घडवतात. जादा भार आला तर त्याने तुटण्याआधी उघडावे, अशी त्यामागची कल्पना असते. म्हणजे येथेही बोलण्याची सोय रचनेतच केलेली आहे. त्या दोन टोच्याच्या खुणा हुकाची भाषा वाचण्यासाठीच असतात. आजच्या कडक नियमांनुसार तोंड मूळ मापापेक्षा ५ टक्क्यांहून अधिक उघडले, किंवा हूक पिळवटलेला दिसला, तर तो बाद. आमचा हूक साडेसहा टक्क्यांहून अधिक उघडला होता. दोर निसटू नये म्हणून तोंडाशी असलेली स्प्रिंगची पट्टी जागेवर आहे ना, आणि भार हुकाच्या पोटात बसला आहे ना, टोकावर नाही ना, हेही पाहायचे असते.

हुकावरचे बारीक तडे डोळ्यांना दिसत नाहीत. चहाच्या जुन्या कपाला गेलेला तडा आपल्याला केव्हा दिसतो? चहा त्यात मुरून तपकिरी रेघ उमटते तेव्हा. तपासनीस हीच युक्ती वापरतात. हूक स्वच्छ करून त्यावर लाल रंगाचे पातळ द्रव लावतात. केशाकर्षणाने ते तड्यात शिरते. वरचा रंग पुसून पांढरी भुकटी फवारली की तड्यातला रंग बाहेर शोषला जातो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. केशाकर्षण शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

चेनपुली ब्लॉकमध्ये भार जागच्या जागी धरून ठेवणारा ब्रेक घर्षणावर चालतो. देखभालीच्या उत्साहात त्यावर तेल गेले तर घर्षण कमी होऊन भार घसरतो. भार उचलणाऱ्या साखळीला तेल हवे, ब्रेकच्या पट्ट्यांना नको. 'सगळीकडे तेल सोडले' म्हणजे देखभाल झाली असे नव्हे. आणखी एक सोपी खूण : ब्लॉकची हातसाखळी एका माणसाला ओढता आली पाहिजे. दुसऱ्याला मदतीला बोलवावे लागत असेल तर भार जास्त आहे किंवा ब्लॉकमध्ये बिघाड आहे.

कोनाचे गणित

साधन निर्दोष असूनही अपघात होतात, कारण भार किती आहे याचा अंदाज चुकतो. एक टन वजन दोन स्लिंगांनी उचलले तर प्रत्येकीवर अर्धा टन, असे वाटते. हे फक्त दोन्ही स्लिंगा उभ्या असतानाच खरे आहे. स्लिंगांमधला कोन वाढला की प्रत्येकीवरचा ताण असा वाढतो :

० अंश — ५०० किलो
६० अंश — ५७७ किलो
९० अंश — ७०७ किलो
१२० अंश — १००० किलो
१५० अंश — १९३२ किलो

ताणाचा फक्त उभा घटक वजन पेलतो. आडवे घटक एकमेकांना ओढण्यात खर्च होतात. १२० अंशांना प्रत्येक स्लिंगवर पूर्ण वजनाइतका ताण येतो, म्हणजे दुसरी स्लिंग असून नसल्यासारखी! दोन तराजू-स्प्रिंगा आणि एक किलोचे वजन घेऊन हा प्रयोग दहावीच्या वर्गात सहज होतो. स्प्रिंगा एकमेकींपासून दूर नेत जा आणि मुलांना काटे वाचू द्या.

त्याच साहित्याने दुसरा प्रयोग करा. वजन स्प्रिंगला अडकवून, स्प्रिंग न ताणता हाताने धरा आणि एकदम सोडा. काटा क्षणभर जवळजवळ दुप्पट आकड्यावर जातो. झटक्याने उचलू नका असे क्रेनचालकाला बजावतात, त्याचे कारण हे.

साधनावर 'सुरक्षित कार्यभार' कोरलेला असतो. नवी साखळी या भाराच्या निदान चौपट, वायर रोपची स्लिंग पाचपट आणि कृत्रिम धाग्यांचा पट्टा सातपट भार पेलेल, असे सर्वसाधारणपणे धरलेले असते. हे ऐकून काहीजण म्हणतात, मग थोडे जास्त उचलले तर काय बिघडले? बिघडते ते असे, की ही जादा ताकद झटके, झीज, थकवा, अंदाजातल्या चुका यांच्यासाठी आधीच राखून ठेवलेली असते. ती आपल्याला खर्च करण्यासाठी नाही.

न दिसणारी जागा

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २९ ने भार उचलणारी यंत्रे, साखळ्या, दोर आणि इतर साधने यांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून निदान एकदा कसून तपासणी करण्याचे बंधन घातले. तिची नोंदवही ठेवायची, साधनावर ओळखखूण आणि सुरक्षित कार्यभार ठळकपणे लिहायचा, असेही सांगितले. पुढे २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला. जुन्या कायद्यातली 'कसून तपासणी'ची व्याख्या विचार करण्याजोगी आहे. नुसते डोळ्यांनी पाहणे पुरेसे नाही. सुरक्षिततेबद्दल खात्रीचा निष्कर्ष काढण्यासाठी गरज असेल तेथे भाग सुटे करून पाहायचे, असा तिचा आशय आहे.

'सुटे करून' या शब्दांचे महत्त्व पटवणारी घटना कारखान्याबाहेरची, पण पोलादी दोराचीच आहे. पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे चढावरून ये-जा करणारे 'ग्लोरिया' हे जुने वाहन आहे. त्याचे दोन डबे एकाच दोराने एकमेकांना तोललेले असत. ३ सप्टेंबर २०२५ रोजी दोर वरच्या डब्याच्या जोडापाशी सुटला. डबा उतारावरून घसरला आणि १६ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी सकाळी तपासणी झाली होती आणि तीत काही दोष आढळला नव्हता. चौकशीच्या प्राथमिक अहवालात म्हटले आहे की दोर जेथे सुटला ती जागा भाग सुटे केल्याखेरीज दिसणारीच नव्हती, आणि तो दोर प्रवासी वाहतुकीसाठी प्रमाणित नव्हता. तपासणी झाली असे कागद सांगत होता. जी जागा पाहायला हवी होती, ती मात्र कुणालाच दिसत नव्हती.

तपासणीचाही धोका असतो. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणम येथील हिंदुस्थान शिपयार्डमध्ये एक मोठी क्रेन भारचाचणी चालू असतानाच कोसळली आणि ११ जणांचा बळी गेला. चाचणी म्हणजे 'हे पेलते का?' हा प्रश्न विचारणे, आणि प्रश्न खरा असेल तर 'नाही' हे उत्तरही येऊ शकते. त्यामुळे चाचणीच्या वेळी भाराखाली आणि आसपास कुणी नसावे. एरवीही टांगलेल्या भाराखालून जाऊ नये, मग तो कितीही वेळा सुखरूप उचललेला असो.

नाही म्हणण्याचा अधिकार

वार्षिक तपासणी वर्षातून एकदा होते, पण हूक मधल्या कोणत्याही दिवशी उघडू शकतो. म्हणून खरी भिस्त असते ती रोज काम सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटे साधन पाहणाऱ्या माणसावर. आमच्याकडे आता चार गोष्टी ठरल्या आहेत. प्रत्येक साधनाला क्रमांक आणि नोंदवहीत स्वतंत्र पान आहे. साधने जमिनीवर न टाकता कोरड्या जागी खुंटीला टांगायची. भार आधी वीतभर उचलून थांबायचे, ब्रेक धरतो का आणि भार तिरका होत नाही ना हे पाहायचे, मगच पुढे जायचे. बाद ठरलेले साधन कोपऱ्यात ठेवायचे नाही. ते तोडून भंगारात टाकायचे, नाहीतर घाईच्या दिवशी कुणीतरी ते पुन्हा बाहेर काढते.

पाचवी गोष्ट लिहिलेली नाही, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे. खलाशी 'नाही' म्हणाला तर साहेबाने वाद घालायचा नाही, मोजायचे. त्या दिवशी काकांनी आमचा मान राखून गप्प बसायचे ठरवले असते तर? झाकण कदाचित उचलले गेलेही असते. मग त्यातून आम्ही पुन्हा तोच चुकीचा धडा घेतला असता.

आपल्या शाळेच्या परिसरातही भार पेलणारी साधने असतात : विहिरीच्या रहाटाचा दोर, झोपाळ्याच्या साखळ्या, घंटेचा हूक, मैदानावरचा चढायचा दोर. एखाद्या शनिवारी विद्यार्थ्यांना व्हर्नियर, फडके आणि वही देऊन त्यांची तपासणी करायला लावा. झोपाळ्याच्या वरच्या हुकात साखळी जेथे घासते ती जागा शिक्षकांनी स्वतः शिडीवर चढून पाहावी, आणि ती साखळी सैल करून पाहावी. मापे तारखेसह लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. एखादी मुलगी येऊन म्हणाली, "सर, हा झोपाळा आज नको," तर आधी झोपाळा बंद करा आणि मग तिच्याबरोबर मोजायला जा.